धानाच्या मुलखातला कांदा

आमच्या गोंदियाच्या घरी दिवाळीत चिवड्याचे दोन डबे भरले जायचे. एक पितळेचा, आजीचा. दुसरा पत्र्याचा, मोठा, बाकी सगळ्यांचा. दोन्हींतले पोहे एकाच कढईत परतलेले, दाणे तेच, कढीपत्ता तोच. आजीचा डबा भरून, झाकण लावून देवघराशेजारच्या फळीवर गेला की मगच आई वाळवलेल्या कांद्याची पिशवी उघडायची. मे महिन्यात उभा चिरून, जुन्या धोतरावर पसरून, चार-पाच दिवस कडकडीत उन्हात वाळवलेला तो कांदा. दहा किलो चिरला तर किलोभर हाती लागायचा. गरम तेलात मूठभर टाकला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तांबूस व्हायचा आणि घरात दिवाळीचा वास भरायचा. आजी ओसरीवर वाती वळत बसलेली असायची. चातुर्मास पाळणारी बाई, आषाढापासून तिने कांद्याला हात लावलेला नसायचा. पण कढईतला कांदा जरा जास्त झाला तर आधी तिलाच कळायचं. "काढ वो बाई, करपला," असं ती ओसरीवरूनच म्हणायची, आणि आई झारा उचलायची.

चार महिने न खाल्लेल्या वस्तूची एवढी नेमकी पारख तिला कशी, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही. आता पडतो. आणि त्याचं उत्तर शोधायला मी गेलं वर्षभर जमेल तसं जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांतून फिरले. काही नात्यातली, काही ओळखीची, काही अगदीच अनोळखी. गोंदिया, आमगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगाव. विचारायचं एकच होतं. लहानपणी घरात कांद्याचं काय काय व्हायचं, आणि त्यातलं आज काय होतं?

गोंदिया जिल्हा धानाचा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, आणि आठांतही पावसाळ्यात जिकडे बघाल तिकडे पाण्याने भरलेल्या बांध्या. बांधी म्हणजे धुरे घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. गावागणिक तलाव, बोड्या. शहरात राईस मिल. आमचे बाबा अशाच एका मिलमध्ये मुनीम होते. कांदा मात्र इथला म्हणता येणार नाही. धान निघाल्यावर कुणी चार वाफे लावतो, परसात पातीचा कांदा असतो, तेवढंच. बाजारात पोत्यांनी येणारा कांदा पश्चिमेकडून येतो. मुंबईहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस ज्या रुळांवरून धावत दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचते, त्याच रुळांवर नाशिकच्या पुढे लासलगावचं स्टेशन लागतं. देशातल्या कांद्याचा भाव जिथे ठरतो ते लासलगाव. एका टोकाला कांदा आणि दुसऱ्या टोकाला धान, आणि मधे अख्खा महाराष्ट्र.

विकत आणलेली वस्तू घरात जपून वापरली जाते. नाशिककडे ताटात अख्खा कांदा फोडून वाढतात, आमच्याकडे तोही असतोच, पण आमच्याकडच्या कांद्याचं खरं काम पिठात आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, चवीला घातला असेल. चव येतेच. पण तांदळाच्या पिठाला कांदा लागतो, कारण त्या पिठाला आपली अशी चिकाटी नसते. गव्हाची कणिक मळली की ओढली जाते, ताणली जाते, पोळी होऊन लाटली जाते. तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ थापायला घेतलं की कडा फाटतात, भाकर तव्यावरून उचलताना तुटते, आणि गार झाली की वाळक्या पानासारखी कडक होते. म्हणून कुणी उकड काढतं, कुणी शिळा भात कुस्करून घालतं. आणि आमच्या घरी त्यात कांदा पडायचा.

आई तिला नुसती कांदारोटी म्हणते. मी ती शेकडो वेळा खाल्ली असेल, पण करताना नीट बघितली ती या वर्षीच. आईचं वय झालं आहे, कांदा आता मी चिरते. ती पाटावर बसून सांगते. कांदा बारीक, पण किसायचा नाही. किसला की नुसतं पाणी होतं, दाताखाली काही लागत नाही. चिरलेल्या कांद्याला मीठ लावायचं आणि बोटांनी चोळायचं, अगदी कांद्याच्या पाकळ्या मऊ पडेपर्यंत. मग ताट झाकून ठेवायचं. तेवढ्या वेळात हिरव्या मिरच्या ठेचायच्या, सांबार निवडून चिरायचा. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याच्या मंडईत मी पहिल्यांदा सांबार मागितला तेव्हा भाजीवाल्याने मला किराणा दुकान दाखवलं होतं.) झाकण काढलं की कांदा आपल्याच पाण्यात बसलेला असतो. त्या पाण्यात रात्रीचा भात कुस्करायचा आणि मग पीठ, कांदा घेईल तेवढंच. वरून पाणी घालायचं ते अगदी शेवटी, हात पुसून घेण्यापुरतं.

आईचं सगळं गणित या पाण्यात आहे. कच्च्या कांद्यात शंभरातले एकोणनव्वद भाग पाणी असतं. पाव किलो कांदा म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी, आणि ते सगळं एकदम सुटत नाही. मिठाने थोडं सुटतं, त्यात पीठ भिजतं. बाकीचं कांद्याच्या तुकड्यांत अडकून राहतं आणि रोटी तव्यावर असताना आतून वाफ देतं. बाहेरून पापुद्रा धरतो, आत ओल टिकते. तीच रोटी साध्या पाण्यात मळली तर तासाभरात कडक होते. कांद्याची रोटी दुसऱ्या दिवशी शेतावर बांधून न्यावी अशी राहते. शिवाय कांद्यात साखर असते, थोडीच, पण आचेवर तीच तांबूस डाग धरते आणि खमंग वास देते. आईला यातलं काही ठाऊक नाही, असं मी म्हणणार नाही. तिला ते हाताने ठाऊक आहे.

पीठही साधं नव्हतं. बाबा मिलमधून कणी आणायचे. धान भरडताना जो तांदूळ तुटतो ती कणी. मिलवाले तिला कनकी म्हणतात. अख्ख्या तांदळाच्या मानाने ती फार स्वस्त, म्हणून धानाच्या गावातसुद्धा भाकरीला अख्खा तांदूळ दळणं ही उधळपट्टी समजली जायची. अख्खा तांदूळ विकायचा किंवा पाहुण्यांना, कणी घरच्यांना. दादाजी खोब्रागडे यांनी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी शोधलेला एचएमटी हा धानाचा वाण सगळ्या झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या धानाच्या पट्ट्यात, पसरला तेव्हा आमच्याकडे त्याचीही कणी यायला लागली, आणि आई सांगते की त्या बारीक तांदळाचं पीठ मऊ येत असे, पण जुन्या जाड धानाच्या पिठाला जो कस होता तो त्याला नव्हता. तिच्या जिभेवर माझा विश्वास आहे.

रोटी थापायची ती पळसाच्या पानावर. आमच्या भागात पळसाची काय कमतरता! पान धुऊन, पुसून, खडबडीत बाजू वर ठेवून त्यावर गोळा ठेवायचा आणि ओल्या बोटांनी कडेकडेने दाबत न्यायचा. मग पानासकट उचलून पान वर राहील अशी तव्यावर पालथी घालायची. दोन मिनिटांत पान सुकतं, रंग बदलतो, आणि एका कोपऱ्याला धरून ओढलं की अलगद सुटतं. खाली पांढऱ्या रोटीवर पळसाच्या शिरा जशाच्या तशा उमटलेल्या असतात. मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, त्यांत अडकलेला सांबाराचा हिरवा तुकडा. लहानपणी आम्ही भावंडं शिरेवरून वाटणी करायचो, अर्धी तुझी, अर्धी माझी.

आजीच्या माहेराहून, नागपूरकडून, आमच्या घरात कांदेनवमी आली. आषाढ शुद्ध नवमी. दोन दिवसांनी देवशयनी एकादशी, चातुर्मास सुरू, कांदा-लसूण-वांगं बंद ते थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. म्हणून नवमीला कांद्याला पोटभर निरोप. महाराष्ट्रात अनेक घरांत हा दिवस असतो आणि बहुतेक ठिकाणी कांदाभजी आणि झुणका यांच्यावर तो साजरा होतो. आमच्याकडे तो नेमका रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, तोंडावर येतो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकून झालेले, आभाळ भरलेलं, बाया चिखलात वाकायच्या तयारीत. गावी काकांच्या शेतावर असलो तर त्या दिवशी रोवणीच्या बायांना कांदारोटी आणि कांद्याचं चून जायचं. चून म्हणजे पिठलं. भिजलेल्या अंगाने, धुऱ्यावर उकिडवं बसून, पळसाच्या द्रोणातलं ते गरम चून आणि जाड रोटी.

चातुर्मासाच्या या रीतीच्या मागे निव्वळ सोवळं आहे असं मानणाऱ्यांनी एकदा कांद्याचं वर्षही बघावं. देशातला निम्म्याहून जास्त कांदा रब्बीचा, उन्हाळ्यात निघणारा. तो चाळीत, फळीवर, टोपल्यात भरून ठेवला जातो आणि पावसाळी दमट हवा लागली की कोंब धरतो, नाहीतर बुडातून सडतो. गोंदियात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा हवेत श्रावणातला कांदा कसा असतो ते इथल्या कुठल्याही गृहिणीला विचारा. हातात घेतला की बोट आत जातं. आषाढात चांगला कांदा खाऊन घ्यायचा, पुढे वाळवलेला वापरायचा, आणि नवा येईपर्यंत थांबायचं, यात मला आजीचा व्यवहार दिसतो.

गोंदियाच्या बाजारात कांद्याला तीन नावं आहेत. मराठी गिऱ्हाईक कांदा म्हणतं. बालाघाटकडून आलेलं, किंवा शहरातलं हिंदी बोलणारं, प्याज. आणि सालेकसा, देवरीच्या पलीकडून, छत्तीसगडच्या बाजूने आलेली बाई गोंदली मागते. छत्तीसगडीत कांद्याला गोंदलीच म्हणतात. गावाचं नाव मात्र जंगलातून गोंद, म्हणजे डिंक, विकायला येणाऱ्या गोंडांमुळे पडलं असं सांगतात, त्याचा या गोंदलीशी संबंध नाही. पण लहानपणी मला तसा तो वाटायचा, आणि कांद्याच्या गावात राहतो असं मी शाळेत सांगितलंही होतं. पोवारी, गोंडी, झाडीबोली, छत्तीसगडी, हिंदी, मराठी. इतक्या भाषांच्या चुली एका जिल्ह्यात पेटतात म्हटल्यावर कांद्याचे पदार्थही एका पद्धतीचे कसे असतील?

सालेकसा तालुक्यात माझी मावशी राहते. कचारगडच्या गुहांकडे जाणारा रस्ता तिच्या गावाहून फार लांब नाही. माघ पौर्णिमेच्या यात्रेला देशभरातून गोंड भाविक तिथे येतात. मावशीकडे तवा दुय्यम. तिची रोटी निखाऱ्यांवर होते. पीठ तसंच, कांदा-मिरची-मीठ तसंच, पण गोळा दोन बोटं जाड थापलेला, खाली पान, वर पान. चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर ठेवायचा आणि वर थोडे निखारे घालायचे. छत्तीसगडात या जाड रोटीला अंगाकर म्हणतात, अंगार म्हणजे निखारा यावरून. मावशीने मला चुलीपुढे बसवलं आणि म्हणाली, "कांद्याले आंधी मीठ लावून ठेव, मंग पीठ टाक. घाई नको करू." हे तेच वाक्य. आईचं. दोघी बहिणी, तेव्हा नवल नाही. पण त्याच गावात दोन घरं सोडून राहणाऱ्या, दुसऱ्या जातीच्या, दुसरी बोली बोलणाऱ्या आजीबाईंच्या घरीही कांद्याचं ताट मीठ लावून झाकून ठेवलेलं होतं. पुढे अर्जुनीतही तेच. हे कुणी कुणाला शिकवलं ते सांगणं अवघड. पिठाची अडचण सगळ्यांची एक होती, म्हणून उपायही एक निघाला, असं मला वाटतं.

पानं जळत जातात आणि कडेने धूर सुटतो. त्या धुरात कांद्याचा जो वास मिसळतो तो गॅसवर कधीच येणार नाही. मी प्रयत्न केला आहे. रोटी काढून, जळकं पान झटकून, मधोमध मोडली तेव्हा आतून कांदा पारदर्शक झालेला होता, कच्चाही नाही आणि तळल्यासारखाही नाही. सोबत टमाट्याचा ठेचा. दुसरं काही लागत नाही.

सकाळी मात्र त्याच घरात चूल पेटण्याआधी बासी. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी तो किंचित आंबलेला असतो, त्यात मीठ, आणि सोबत बुक्कीने फोडलेला कांदा. चिरलेला नव्हे, फोडलेलाच. छत्तीसगड सरकारने २०२२ साली कामगारदिनी बोरे-बासी खाण्याचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि इकडच्या लोकांना आपल्या न्याहारीला मोठेपण मिळाल्याचा आनंद झाला. मलाही झाला. ज्या ताटाला आमच्या वर्गातल्या मुली गरिबाचं खाणं म्हणून नाकं मुरडायच्या, त्याच ताटावर धानाच्या बांधीत दुपारपर्यंत वाकून काम होत आलं आहे.

दिवाळी आली की हलकं धान कापणीला आलेलं असतं. बलिप्रतिपदेला गायगोधन, मग भाऊबीज, आणि भाऊबीज झाली की मंडई. मंडई हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाने भाजीबाजार म्हणून वाचू नये. झाडीपट्टीतली मंडई म्हणजे गावाची जत्रा. गावागावाचा दिवस ठरलेला, आज या गावची, उद्या त्या. दिवसा दुकानं, दंडार ही लोककला, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकी जुळतात. आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना मोठ्या कढया चढतात. भजे, आलुबोंडे, वडे. पानावर भजे, वर तळलेल्या मिठाच्या मिरच्या. मंडईतल्या कांदाभज्यांचा आकार घरच्यासारखा नसतो, ते पसरट आणि वेडेवाकडे, टोकं काळपट कुरकुरीत. पाणी घालून पीठ भिजवलं की भजी फुगतात आणि गार झाली की मऊ पडतात. कांद्याच्याच पाण्यात बेसन जेमतेम धरलं की अशी काटेरी होतात. तीच गोष्ट पुन्हा.

पण घरी मंडईच्या दिवशी होतात ते लाखोळीचे वडे. झाडीबोलीत ळ नाही, म्हणून तोंडात लाखोरी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा जो ध्यास घेतला, त्यामुळे असे शब्द कागदावर तरी राहिले. धान कापायला दहा-पंधरा दिवस असताना उभ्या पिकातच लाखोळीचं बी फेकतात. नांगरणी नाही, पाणी नाही. बांधीत उरलेल्या ओलीवर ती उगवते आणि धान निघालं की शेत तिचं. गरीब शेतकऱ्याला फुकटात मिळणारी डाळ. या डाळीवर मोठं बालंट आलं. दुष्काळात दुसरं काही नसताना महिनोन्‌महिने तीच खाणाऱ्या माणसांचे पाय लुळे पडतात, हे खरं आहे. तिच्यात मज्जातंतूंना अपाय करणारं द्रव्य असतं. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने ते द्रव्य कमी असलेल्या रतन, प्रतीक आणि महातेवडा या तीन वाणांना अनुकूल मत दिलं. या सगळ्या वर्षांत आमच्याकडे लाखोळी पिकत राहिली आणि शिजत राहिली. जुन्या बाया डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देतात, पुन्हा धुतात. त्या द्रव्याचा बराचसा भाग पाण्यात उतरतो, म्हणजे हेही त्यांचं शहाणपणच. तरी रोज खाऊ नये, सणावारी खावी.

डाळ रात्रभर भिजवून, निथळून, पाट्यावर जाडसर वाटतात. बोटाला कण लागले पाहिजेत. मग मीठ, तिखट, जिरं, सांबार आणि भरपूर कांदा. इथे मात्र आईचा नियम बरोबर उलटा होतो. कांद्याला आधी मीठ लावायचं नाही. तेल तापल्यावर, कढईशी बसल्यावर, एका घाण्यापुरत्या वाटणात तेवढाच कांदा घालायचा आणि लगेच थापून सोडायचा. वाटलेल्या डाळीला पाणी नको असतं. कांदा आधी पडला की डाळ सैल होते, वडा तेलात फुटतो. रोटीत कांद्याचं पाणी काढून घ्यायचं आणि वड्यात ते बाहेर येऊ द्यायचं नाही. एकाच कांद्याची ही दोन वागणी ज्या हाताला समजली त्याला आमच्याकडचा अर्धा स्वयंपाक आला.

आमच्या गावची मंडई भाऊबीजेनंतर लगेचच येते, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या आत. त्यामुळे वड्यांचेही दोन घाणे. आधी आजीचे, बिनकांद्याचे, चाळणीत वेगळे. ती ते खायची आणि आमच्याकडे बघून विचारायची, कांदा गोड लागला का यंदाचा? एकादशीनंतर द्वादशीला तुळशीचं लग्न लागलं की तिच्या ताटात पहिल्यांदा कांदा यायचा. तोही तळलेला नव्हे. एका रोटीतला. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पितळी डबा आईकडे आला, आणि त्याच्यामागून चातुर्मासही.

२०१९ च्या हिवाळ्यात कांदा शंभरी ओलांडून गेला तेव्हा जिथेतिथे कांदाभज्यांत पत्ताकोबी आली. भज्यात ते खपून गेलं. आमच्या रोटीत खपलं नाही. कोबीतही पाणी पुष्कळ, मीठ लावलं तर सुटतंही, पण त्या रोटीला ना मऊपणा आला ना वास. कांद्याच्या उग्रपणामागे गंधकाची संयुगं असतात, सुरी लागली की पेशी फुटतात आणि ती मोकळी होतात, डोळ्यांना पाणी आणतात. शिजली की त्यांचाच खमंगपणा होतो. कोबीला हे जमत नाही. त्या महिन्यात आईने कांदारोटी केलीच नाही. न करणं तिला जास्त बरं वाटलं.

माझी भाची पुण्यात असते, नोकरी करते, घरच्या ओव्हनमध्ये पाव भाजते. तिला कांदारोटीचा पाव करायचा होता. तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, चवीचा पण सकाळी कापून डब्यात नेता येईल असा. पहिला पाव तिने अर्धा मैदा, अर्धं तांदळाचं पीठ आणि परतलेला कांदा घालून केला. तो फुगला नाही. फोनवर तिने आईला फोटो दाखवला. आईने ओव्हन आयुष्यात वापरलेला नाही. तिने एवढंच विचारलं, "कांद्याला मीठ कधी लावलंस गं?" भाचीने लावलंच नव्हतं. पुढच्या वेळी तिने कांदा मीठ लावून ठेवला, पिळून घेतला आणि त्याच पाण्यात पीठ मळलं. तांदळाचं पीठ चौथा हिस्साच ठेवलं, कारण पाव उचलून धरायला गव्हाचं ग्लुटेन लागतंच. पिळलेला कांदा वरून, भाजण्याआधी दाबून. मी दिवाळीआधी तिच्याकडे होते तेव्हा खाल्ला. ती कांदारोटी नव्हे. पण वरचा काळपट पडलेला कांदा आणि आतला ओलसर पांढरा गाभा एकदम तोंडात आला तेव्हा मी दुसरा तुकडा कापला, आणि मग तिसरा.

तो पाव बघून मला पोलंडमधल्या बियाविस्तोक शहराची गोष्ट आठवली. तिथले ज्यू बेकरीवाले मधोमध खळगा असलेली एक गोल, चपटी रोटी करायचे आणि खळग्यात भाजलेला कांदा आणि खसखस घालायचे. शहराच्या नावावरून तिला बियाली म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तिथला ज्यू समाज मारला गेला. मिमी शेरेटन नावाची अमेरिकन लेखिका ही रोटी शोधत त्या शहरात गेली, तिथे तिला ती मिळाली नाही. जगभर पांगलेल्या बियाविस्तोकच्या लोकांना भेटून, त्यांच्या आठवणी गोळा करून तिने २००० साली पुस्तक लिहिलं. रोटी न्यूयॉर्कमध्ये टिकली, जन्मगावी नाही. आमच्यावर तसला प्रसंग आलेला नाही, आणि ती तुलना मी करणारही नाही. पण वर्षभराच्या फिरण्यात मला दिसलं ते असं. शहरातल्या बारा घरांपैकी दोनच घरांत कांदारोटी होते. चौघींनी सांगितलं की सासूबाई करायच्या. बाकीच्यांच्या मुलांनी ती चाखलेलीही नाही. कणी आता बाजारात मागावी लागते. पाटा माळ्यावर आहे. आणि ज्यांच्याकडे रीत आहे त्यांच्याकडे मापच नाही. सगळ्या म्हणतात, अंदाजाने.

म्हणून या वर्षी मी आईचा अंदाज तागडीत घातला. तीन वेळा. सरासरी निघाली ती अशी. कांदा पाव किलो, बारीक चिरलेला. मीठ एक सपाट चमचा, चोळून वीस मिनिटं झाकून. हिरव्या मिरच्या चार, सांबार मूठभर. रात्रीचा भात एक वाटी, त्याच पाण्यात कुस्करून. तांदळाचं पीठ दोन वाट्या, एकदम नाही, लागेल तसं. गोळा हाताला किंचित चिकटला पाहिजे. कोमट पाणी चार चमच्यांच्या वर गेलं तर कांद्याला वेळ कमी दिला असं समजा. एवढ्यात तळहातापेक्षा थोड्या मोठ्या सहा रोट्या होतात. मंद आचेवर एका बाजूला चार मिनिटं, पान सुटलं की उलटून तीन. पळसाचं पान मिळालं नाही तर केळीचं घ्या, तेही नसेल तर ओल्या फडक्यावर थापा. प्लास्टिकच्या कागदावर तेवढी थापू नका, गरम तव्याजवळ ते चालायचं नाही.